आवारातलं अनोळखी फुलझाड ओळखायचं कसं? फुलाची वाट बघू नका, पानापासून सुरुवात करा

रिसेलचा बंगला किंवा जुनं रो-हाऊस घेतलं की कागदपत्रं मिळतात, लाईट बिल नावावर होतं, टाकी किती लिटरची तेही सांगितलं जातं, पण आवारात उभ्या असलेल्या झाडांबद्दल कोणी एक अक्षर सांगत नाही. नारळ, आंबा, जास्वंद एवढं आपल्यालाही कळतं. पण गेटजवळचं ते उंच झाड कसलं, कंपाउंडला लागून वाढलेलं ते झुडूप कोणतं, मागच्या बाजूला जानेवारीत सगळी पानं टाकून बसलेलं खोड जिवंत तरी आहे का, हे काही कळत नाही, आणि मग एक तर "फूल आलं की बघू" म्हणून विषय राहून जातो, नाहीतर पेंटिंगच्या कामात कोणीतरी "साहेब, हे काढून टाकू का" म्हणतं आणि आपण हो म्हणून मोकळे होतो.

दोन्ही करू नका. फूल वर्षातले दोन-तीन आठवडे, फार तर दोन महिने असतं. पान, डहाळी, चीक, शेंग, साल हे बहुतेक वर्षभर तुमच्या हाताशी असतं आणि ओळखीचं निम्म्याहून जास्त काम त्यावरच होतं. खाली जे सांगतोय ते महाराष्ट्रातल्या घरांच्या आवारात नेहमी दिसणाऱ्या झाडांना धरून आहे.

आधी एक वर्ष कुऱ्हाड बाजूला

नवीन घरात गेल्यावर पहिलं वर्ष काहीही तोडायचं नाही, अगदी मेलंय असं वाटलं तरी. आपल्याकडे चाफा, पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं हिवाळ्याच्या शेवटी उघडीबोडकी होतात आणि तशाच अवस्थेत बरीचशी फुलतात. शंका असेल तर एक बारीक फांदी घ्या आणि नखाने साल हलकीच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. एक फांदी कोरडी निघाली म्हणून लगेच निकाल देऊ नका, वेगवेगळ्या बाजूंच्या तीन-चार फांद्या बघा.

दुसरं म्हणजे शहरी भागात महाराष्ट्राचा 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू आहे, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची (झाडांबाबतची स्थानिक सरकारी समिती) परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज ट्री धरतात. म्हणजे झाड कोणतं आणि साधारण किती जुनं हे माहीत असणं नुसती हौस नाही, उद्या फांदी छाटायचा अर्ज करायचा झाला तरी लागणार.

एक साधी वही करा. आवाराचा ओबडधोबड नकाशा काढा, प्रत्येक झाडाला नंबर द्या, छातीच्या उंचीवर दोरीने खोडाचा घेर मोजून लिहा. एवढं पुरे, यात फार वेळ घालवू नका.

डहाळी हातात घ्या: पान कुठून सुरू होतं?

इथे मात्र सावकाश जायचं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

झाडाची वीतभर डहाळी घ्या, टोकासकट. पहिला प्रश्न असा की तुम्ही ज्याला पान म्हणताय ते खरंच एक पान आहे की मोठ्या पानाचा एक तुकडा आहे? गुलमोहराचं ते बारीक पातं म्हणजे पान नाही, त्याचं पान हातभर लांब असतं आणि त्यात शेकडो पाती असतात. हे ठरवायची एक पक्की खूण आहे: खऱ्या पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो त्या बेचक्यात एक बारीक कळी असते, कधी मोहरीएवढी तर कधी त्याहून लहान, पातीच्या बुडाशी ती नसते. त्यामुळे टोकाकडून मागे मागे येत जायचं आणि कळी सापडली की समजायचं पान इथून सुरू झालं. सुरुवातीला कळी दिसत नाही, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, लगेच दिसते.

आता दुसरा प्रश्न, ही पानं फांदीवर समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? या दोन उत्तरांवर केवढं तरी काम होतं.

पान संयुक्त आहे (म्हणजे अनेक पात्यांचं) आणि शिवाय समोरासमोर आहे, तर तुम्ही जवळजवळ नक्की टॅबेब्युयाच्या खानदानात आहात. नीलमोहर म्हणजे जॅकरांडा, गुलाबी टॅबेब्युया, पिवळी घंटीसारखी फुलं येणारा टेकोमा, बुचाचं झाड, कळी दाबली की पाणी उडतं तो पिचकारीचा आफ्रिकन ट्यूलिप, हे सगळे एकाच कुळातले. यांच्या बियांना कागदासारखे पातळ पंख असतात, वाऱ्यावर उडत गॅलरीत येतात. एक अपवाद लक्षात ठेवा, निर्गुडी. तिचंही पान संयुक्त आणि समोरासमोर, पण चुरगळलं की जो उग्र वास येतो त्यावरून ती लगेच वेगळी पडते.

पान संयुक्त पण एकाआड एक, आणि झाडावर किंवा खाली शेंगा दिसतायत, तर शेंगांचं कुळ. गुलमोहर, बहावा, पिवळा गुलमोहर, शंकासूर, रेन ट्री, शिरीष, गिरिपुष्प, पळस, पांगारा. आपल्या शहरांत रस्त्याकडेची फुलझाडं बघाल तर केवढी तरी यातलीच निघतात.

फुलं नसताना गुलमोहर आणि नीलमोहर यांची पानं लांबून अगदी सारखी दिसतात, भलेभले फसतात. पण नीलमोहराची पानं समोरासमोर, गुलमोहराची एकाआड एक, एवढं बघितलं की प्रश्न संपला. आणि गुलमोहर की पिवळा गुलमोहर (काही लोक सोनमोहर म्हणतात, काही पीतमोहर)? तर कोवळे शेंडे बघा. पिवळ्या गुलमोहराच्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर गंजाच्या रंगाची मखमल असते, शेंगा बोटाएवढ्या, चपट्या, तांबूस. गुलमोहराच्या शेंगा हात-दीड हात लांब, काळपट, लाकडासारख्या कडक, आणि महिनोन्महिने लटकत राहतात.

पाती पंजासारखी एका बिंदूतून निघत असतील तर तीन नावं डोक्यात ठेवा. टॅबेब्युया: पाच पाती, पानं समोरासमोर. काटेसावर: पाच ते सात पाती, पानं एकाआड एक, आणि तरुण खोडावर जाड शंकूसारखे काटे. तिसरी सप्तपर्णी, ही खरं तर फसवते. तिची सात-एक पानं एकाच पेरावर गोल बसलेली असतात, पण ती पाती नाहीत, प्रत्येक स्वतंत्र पान आहे, फांदी त्यांच्या मधून पुढे जाते आणि पान तोडलं की भरपूर पांढरा चीक येतो. संध्याकाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोकं धरणारा वास येत असेल तर शंकाच नको.

तीन मोठी पाती असतील तर पळस किंवा पांगारा. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे, पळसाला अजिबात नाहीत, पळसाचं पातं चिवट आणि हाताला खरखरीत.

पान तोडा, चीक बघा, वास घ्या

साधं, एकेरी पान असेल तर चीक ही पुढची मोठी खूण. पान देठापासून तोडा आणि दोन सेकंद थांबा.

हात लावायच्या आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. अनोळखी झाडाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, तोडून झालं की साबणाने हात धुवा, आणि चव घेऊन ओळखायचा प्रयत्न कधीही करू नका. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) ही दोन्ही आपल्या कुंपणांवर सर्रास असतात आणि दोन्ही नखशिखान्त विषारी आहेत, हृदयावर परिणाम करणारं विष आहे ते. घरात लहान मुलं किंवा पाळीव कुत्रं असेल तर ओळखायचं पहिलं झाड हेच. कण्हेरीची पानं लांबट, जाड, आणि बहुतेक एका पेरावर तीन-तीन. बिट्टीची पानं त्याहून अरुंद, चकचकीत, एकाआड एक, चीक भरपूर, आणि फळ हिरवं, टोकदार-त्रिकोणी, वाळल्यावर काळं, आत कडक बी. मुलं त्या बिया खेळायला घेतात म्हणून मुद्दाम सांगतोय. छाटलेल्या फांद्या शेकोटीत टाकू नका, धूरही घातक. तसंच धोत्रा आणि त्याचं ते कुंडीत लावतात ते मोठं भावंड, खाली तोंड करून लटकणारी फुलं येतात ते, त्यांनाही मुलांपासून लांबच ठेवा.

आता चिकाचा उपयोग कसा होतो ते एका जोडीवर बघू. डबल तगर आणि अनंत. दोन्ही झुडपं, दोन्हींची पानं गर्द हिरवी चकचकीत, दोन्हींची फुलं पांढरी, भरगच्च, सुवासिक. नर्सरीतही एकाच्या जागी दुसरं मिळतं. पान तोडा: पांढरा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. एवढ्यावर भागत नसेल तर अनंताच्या डहाळीवर दोन देठांच्या मधल्या जागेत बारीक पापुद्र्यासारखं आवरण दिसतं, फांदीला वेढून असतं, तगरीला तसं दिसत नाही. आणि अनंताचं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर पडतं.

फांदीवर प्रत्येक पानापाशी पूर्ण गोल कडं दिसतंय का तेही बघा. कडं आणि चीक दोन्ही असेल तर वड-पिंपळ-उंबराचं कुळ, कडं आहे पण चीक नाही तर सोनचाफा असायची दाट शक्यता. फुलं नसलेला सोनचाफा ओळखायला मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

चाफा म्हटलं की आणखी एक भानगड. देवळाजवळचा जाड फांद्यांचा चिकाचा चाफा आणि सोनचाफा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हिरवा चाफा तर तिसराच, तो आकड्यांनी चढणारा वेल. त्यामुळे माळी "चाफा आहे" म्हणाला की वहीत तेवढंच लिहून थांबू नका. चिकाच्या चाफ्यातही पानाचं टोक बघा: टोकदार आणि हिवाळ्यात पानं गळणारा एक, टोक गोलसर आणि बहुतेक वर्षभर हिरवा राहणारा दुसरा, आणि पान नागाच्या फणीच्या आकाराचं असेल तर हल्ली सोसायट्यांमधून लावतात तो पांढऱ्या फुलांचा तिसरा.

वासाचं म्हणाल तर पान चुरगळून घ्या, फुलाचा नको. घाणेरी ऊर्फ टणटणी वासाने आणि खरखरीत पानाने चटकन कळते, तिची डहाळी चौकोनी असते. पारिजातकाचीही डहाळी चौकोनी आणि पान सॅंडपेपरसारखं खरखरीत, पण तसा उग्र वास नाही.

झाडाखाली वाका

लोक वर बघतात, खाली कोणी बघत नाही. मागच्या हंगामाची फळं, शेंगा, बोंडं पाचोळ्यात पडलेली असतात, आणि ती फुलापेक्षा जास्त टिकतात. चपटी गोल लाकडी डबी उघडल्यासारखी दिसली तर नीलमोहर. काळी, गोल, हातभर लांब नळी, हलवल्यावर आत खुळखुळते, तर बहावा. करवंदाहून थोडं मोठं, लाकडी, पाच-सहा फाकांत उकललेलं बोंड भरपूर पडलंय, वर साधी, मोठी, समोरासमोर पानं आहेत आणि गळायच्या आधी ती लालसर होतायत, तर तो तामण, आपल्या राज्याचं फूल. असं झाड आवारात मिळालं तर नशीबवान आहात, मे महिन्याची वाट बघा.

फूल आलं की काय बघायचं

रंग शेवटी बघा. रंगावरून ओळखायला गेलं की पिवळं म्हणजे बहावा, जांभळं म्हणजे जॅकरांडा असं होतं आणि तिथेच चुकतं. पाकळ्या किती, सुट्या की खाली नळीसारख्या जोडलेल्या, पुंकेसर (टोकाला पराग असलेले मधले तंतू) किती, फुलांचा घोस वर उभा की खाली लोंबणारा, या क्रमाने जा. बहाव्याचा घोस लोंबतो, पिवळ्या गुलमोहराचा तुरा उभा असतो. जास्वंदीच्या कुळात पुंकेसरांची एकच दांडी मधून बाहेर येते. बोगनवेलीचं रंगीत ते फूलच नाही, त्याच्या आतलं छोटं पांढरट नळीसारखं असतं ते फूल.

पुंकेसर मोजण्याचं महत्त्व कळायला कांचन घ्या. पान दोन भागांत चिरलेलं, हे सगळ्या कांचनांचं सारखं. जांभळी-गुलाबी फुलं आहेत तर एक फूल तळहातावर ठेवून मधले लांब, टोकाला पराग असलेले पुंकेसर मोजा. पाच भरले, पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळपास निष्पर्ण असताना फुललंय, तर रक्तकांचन. तीनच भरले (कधी चार), पाकळ्या अरुंद आणि सुट्या, आणि पावसाळा संपल्यावर डिसेंबरपर्यंत पानं असताना फुललंय, तर देवकांचन. पुंकेसर पाच, रंग गडद किरमिजी, महिनोन्महिने फुलं, आणि एकही शेंग कधीच धरत नाही, तर हाँगकाँगचा संकरित कांचन, तो बियांनी येतच नाही. आणि फुलं बारीक, फिकट पांढरट, पानं छोटी, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त, तर तो आपटा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, तुमच्याकडे यातलं काय आहे ते निदान तुम्हाला तरी माहीत असू दे.

अशोकाचंही तेच. कंपाउंडला ओळीने लावलेला उंच सरळ झाडांचा "अशोक" हा खरा अशोक नव्हे, त्याची फुलं हिरवट, चांदणीसारखी, पानात लपलेली. खऱ्या सीताअशोकाला केशरी-लाल घोस येतात, बऱ्याचदा जुन्या फांदीवरच, पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी.

फुलण्याचा महिना वहीत जरूर लिहा. पळस, पांगारा, काटेसावर, गिरिपुष्प, गुलाबी टॅबेब्युया हे फेब्रुवारी-मार्चच्या आसपासचे, बहावा, गुलमोहर, तामण हे एप्रिल-मेचे, पारिजातक पावसाळ्यात आणि त्यानंतर, बूच आणि सप्तपर्णी पावसाळा सरल्यावर. कोकण आणि देशावर थोडं पुढेमागे होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या तारखेवर जाऊ नका, तुमच्या आवारातली तारीख लिहा.

फोटो आणि ॲप

ॲप वाईट नाही, पण त्याला आपण काय दाखवतो यावर सगळं आहे. लांबून पूर्ण झाडाचा एक फोटो टाकला तर ते काहीही सांगेल. पूर्ण झाड, खोडाची साल, डहाळीवर पानं कशी बसलीत तो, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा शेंग, असे वेगवेगळे घ्या, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. दुपारच्या उन्हात फोटोत पांढरं फूल नुसतं पांढरंफटक येतं, सकाळी नाहीतर सावलीत घ्या. प्लांटनेट या झाडं ओळखायच्या ॲपमध्ये हे पान आहे, हे फूल आहे असं सांगता येतं, ते नीट निवडा. गुगल लेन्स पहिला अंदाज म्हणून ठीक.

ॲपने नाव दिलं की लगेच आनंद मानू नका, उलट त्या नावाला खोटं पाडायचा प्रयत्न करा: याची पानं समोरासमोर हवीत का, चीक हवा का, शेंग कशी हवी, आणि तुमच्या वहीतलं त्याच्याशी जुळतंय का. तीन खुणा जुळल्या तर नाव पेन्सिलीने लिहा, फूल आणि फळ दोन्ही बघून जुळलं की पेनाने.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकणार असाल तर माणसं बघून नाव सांगतात, हा मोठा फायदा. फक्त लावलेलं झाड आहे हे तिथे मार्क करा, आणि घराचं लोकेशन जगाला दिसू नये म्हणून ते ऑब्स्क्युअर्ड (नेमकी जागा लपवलेलं) ठेवा, हे बरेच जण विसरतात. लावलेल्या झाडांकडे तिथे लक्ष थोडं कमी जातं, उत्तर यायला वेळ लागला तर नाराज होऊ नका.

तरीही अडलं तर

आधी जुने शेजारी आणि पूर्वीचा माळी. "ते झाड कोणी लावलं, कुठून आणलं" एवढं कळलं तरी यादी खूप लहान होते. मग जवळच्या कॉलेजचा बॉटनी विभाग. फूल-फळासकट एक डहाळी वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली ठेवा, पहिले काही दिवस कागद रोज बदला नाहीतर बुरशी येते, आणि सोबत चिठ्ठीवर तारीख, जागा, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग आणि चीक होता का ते लिहा, कारण वाळल्यावर रंग आणि चीक दोन्ही जातात. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह) आहे, तिथे जायचं तर आधी फोन करून विचारून जा. ओळखीच्या झाडांशी ताडून बघायचं असेल तर पुण्यातली एम्प्रेस गार्डन किंवा भायखळ्याची राणीची बाग एकदा डहाळीची वही घेऊन फिरा, जुनी, पूर्ण वाढलेली झाडं डोळ्याखालून गेली की घरचं झाड वेगळंच दिसायला लागतं.

नाव पक्कं झालं की मराठी नावासोबत शास्त्रीय नावही वहीत लिहा, म्हणजे पुढे खत, छाटणी, कीड काहीही शोधायचं झालं तर दुसऱ्याच झाडाची माहिती हातात पडणार नाही. झाडाला पाटी लावायची हौस असेल तर खिळा ठोकू नका, तार आवळून बांधू नका, खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते. सुतळीने सैल बांधा किंवा सरळ बुंध्याशी जमिनीत एक छोटी पाटी रोवा, आणि नावाखाली फुलायचा महिना लिहा.